शिवडीची शेव्हरोलेट

थंडीच्या दिवसांत दक्षिण मुंबईत जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. क्रोमचे दात विचकणाऱ्या, शेपटीला पंख फुटलेल्या त्या अमेरिकन गाड्या पाहून माझेही भान हरपते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचे सारे मत्सरापोटी लिहिले आहे असे कुणाला म्हणता येणार नाही. माझे भांडण गाड्यांशी नाही, त्यांच्यापुढे लावलेल्या पाट्यांशी आहे. पाटीवर गाडीचे नाव असते, साल असते, मालकाचे नाव असते. ती कुणी जोडली आणि सत्तर वर्षे कुणी जिवंत ठेवली, याचा मात्र पत्ता नसतो. जणू काही अमेरिकेत बोटीवर चढली ती थेट मलबार हिलच्या गॅरेजातच उतरली!

खरी हकीकत अशी आहे. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ साली आपल्या शिवडीत निघाला. परळच्या कामगाराने पायी जावे एवढ्या अंतरावर. मोटारीचे सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने येत आणि इथली माणसे ते जोडून गाडी उभी करीत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रिमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, क्रायस्लरशी संधान बांधले, आणि १९४७ पासून कुर्ल्याहून डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. त्यातली गंमत पाहा. डॉज किंग्सवे काय, डिसोटो डिप्लोमॅट काय, मुळात दोन्ही प्लिमथच. पुढची जाळी आणि बिल्ला तेवढा निराळा. एकाच सारणाच्या करंज्या, मुरड वेगवेगळी! पण डॉजवाला प्लिमथवाल्याकडे कसा बघे, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक.

आणि ज्यांना आपण राजेशाही गाड्या म्हणतो, त्या तिकडे कुणाच्या होत्या? शेव्हरोलेट, फोर्ड आणि प्लिमथ ही अमेरिकेतली तीन स्वस्त घराणी. कारकुनाने, फोरमनने हप्त्याने घ्यावी आणि रविवारी बायकामुलांना घेऊन बाहेर पडावे, अशी ती वाहने. कॅडिलॅकची गोष्ट वेगळी. १९४८ साली तिने लढाऊ विमान पाहून शेपटीला पंख लावले आणि १९५९ पर्यंत ते इतके वाढले की आता ही उडणार असे वाटावे. पण आपल्याकडे साध्या शेव्हरोलेटलाही जो सरदारी थाट चढला, तो जकातीने आणि टंचाईने चढवला. जे भाग इथे बनवणार नाहीत त्यांनी नुसती जोडणी करू नये, असे सरकारचे धोरण १९५३ साली ठरले, आणि पुढच्या वर्षी जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनीही इथली जोडणी बंद केली. धोरण चुकीचे होते असे मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून रस्त्यावरची प्रत्येक अमेरिकन गाडी दुर्मिळ झाली, आणि दुर्मिळ वस्तू श्रीमंताची, हे आपण मुकाट्याने मान्य केले.

मान्य केले ते आपल्या काटकसरी मध्यमवर्गानेही. 'हे शौक आपले नव्हेत' हे वाक्य मी गिरगावापासून दादरपर्यंत इतक्या घरांत ऐकले आहे की ते उंबरठ्यावर कोरून ठेवायला हरकत नव्हती. मग दाखल्याला हमखास भगवानदादा! गिरणी कामगाराचा हा मुलगा १९५१ साली 'अलबेला' काढतो, जुहूला बंगला घेतो, आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी ठेवतो अशी ख्याती. पुढचे चित्रपट पडतात, मोटारी जातात, बंगला जातो, आणि २००२ साली दादरच्या चाळीतल्या खोलीत तो डोळे मिटतो. 'पाहिलेत? अंथरूण पाहून पाय पसरावेत!' मला या तात्पर्याचा संताप येतो. पिढीजात श्रीमंताने सात गाड्या ठेवल्या तर ती रसिकता, आणि परळ-दादरच्या माणसाने ठेवल्या तर तो उधळेपणा, हा न्याय कुठला? मिरवणुकीतला शेठ आणि चाळीतला उपदेशक, दोघेही एकच म्हणतात: मोटार श्रीमंताची.

ती श्रीमंतांच्या हाती राहिली असती तर एकही वाचली नसती. नवी आली की जुनी काढायची, ही त्यांची रीत. टाकलेल्या डॉज-प्लिमथ टॅक्सीवाल्यांनी उचलल्या. त्यांचे सहा सिलिंडरचे इंजिन साधे, दाब कमी, हलक्या पेट्रोलवरही कुरकुर न करणारे. परदेशी भाग मिळेनात तेव्हा मिस्त्रींनी चोरबाजार धुंडाळला, आणि तिथेही नाही मिळाले ते लेथवर कातून घेतले. गिरणगावात कातारी हातांना काय तोटा! पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येक गाड्यांत चक्क डिझेलचे इंजिन बसवले. शुद्धतावाद्यांना हे ऐकून घेरी येते. येऊ द्या. त्या इंजिनाने गाडीला भंगारवाल्यापासून वाचवले, आणि एका कुटुंबाला भाकरी दिली.

आता २०२१ चे केंद्र सरकारचे नियम पाहा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे कनातीखाली झोपून राहिलेली गाडी वारसा ठरली, आणि नवे काळीज घालून मुंबईभर धावलेली गाडी बाद! परदेशी लोकांच्या कसोट्या उचलल्या की असे होते. या शहराचा मोटारींचा इतिहास हा दुरुस्तीचा इतिहास आहे, आणि नियम नेमका दुरुस्तीलाच दोष मानतो.

इकडे लालबाग-परळमधले ते गाळे एकेक करून गेले, वर मनोरे चढले. कार्ब्युरेटरचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री म्हातारे झाले. त्यांची मुले संगणक लावून गाड्या तपासतात आणि त्यात त्यांची चूक नाही. पण मालकांनो, उद्या तुमची लाखमोलाची बेल एअर चौकात बंद पडली तर बॉनेट उघडून तुम्ही काय करणार? आत नुसते पाहणार!

म्हणून संयोजकांकडे दोन मागण्या. गाडी इथे जोडलेली असेल तर पाटीवर 'जोडणी: शिवडी' किंवा 'जोडणी: कुर्ला' असे ठळक लिहा, आणि त्याखाली मिस्त्रीचे नाव घाला. डिझेलवाल्या डॉजनाही रांगेत घ्या. पुढच्या मिरवणुकीत मालकाच्या शेजारी पुढच्या आसनावर मिस्त्री बसलेला दिसला, तर मी कडेला उभा राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवीन. नाही दिसला, तर पुढच्या दिवाळीला पुन्हा लिहीन.