मोटारीचा गजर आणि घरची जोडणी

जुन्या मोटारीला चोरीविरोधी गजर स्वतःच्या हाताने बसविणाऱ्यांचा वर्ग अद्याप नाहीसा झालेला नाही. बाजारातला एक संच, सोबतच्या कागदावरील पुसट आकृती आणि रविवारची सकाळ एवढ्या भांडवलावर हा उद्योग आरंभला जातो. जाणकार कारागीर त्याला हसतात. ही हेटाळणी सर्वस्वी न्याय्य नाही. मोटारीचा लोखंडी सांगाडाच ऋण तारेचे काम करीत असल्यामुळे निम्म्या तारा वाचतात. आणि दार उघडताच आतला दिवा लावणारे जे बटण चौकटीत असते, त्यालाच गजराची तार जोडता येते. शाळेत ओहमचा नियम शिकलेल्या कोणालाही हे समजण्याजोगे आहे. तो नियम बहुतेकांच्या बाबतीत फळ्यावरच राहून गेला, ही खंत निराळी. अर्थात हे जुन्या मोटारींपुरतेच. 1986 साली बॉश कंपनीने जगापुढे मांडलेली कॅन पद्धती आता मोटारींत रुळली आहे. तिच्यात एकाच तारजोडीवरून अनेक यंत्रांचे संदेश धावतात, आणि तेथे अंदाजाने तार कापणे हा निव्वळ अविचार होय.

खरा आक्षेप आहे तो बारा व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, ह्या समजुतीला. स्पर्श केल्यास झटकाही न देणारी ही बॅटरी, उघडी तार पत्र्याला टेकताच शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडते आणि काही क्षणांत तारेचे आवरण पेटते. बॉनेटखालून आत येणारी तार पत्र्याच्या भोकातून ओढलेली असते. त्या भोकाला रबरी ग्रोमेट नसेल, तर त्याची धार प्रत्येक खड्ड्यागणिक आवरण कापीत राहते. म्हणून फ्यूज हवा तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. पुष्कळजण तो गजराच्या पेटीशेजारी लावतात, कारण तो पेटीच्या रक्षणासाठी असतो असे त्यांना वाटते. वस्तुतः तो तारेसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज ह्यांमधल्या तारेला कोणीच वाली नसतो. कामाआधी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे हेही सांगितले जाते. का, ते सहसा सांगितले जात नाही. धन टोकावरील पान्हा चुकून सांगाड्याला टेकला तर मंडल पुरे होते; ऋण टोक आधीच सुटलेले असेल तर होत नाही. एवढे उमगले की नियम पाठ करावा लागत नाही.

गजर रात्रंदिवस जागा राहतो तोही फुकट नव्हे. 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून 50 मिलिअँपिअर खर्च होत असतील, तर कागदावर ती सदतीस दिवस पुरते. सदोष जोडणीने हाच खर्च 250 वर गेला, तर साडेसात दिवस. इंजिन मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होण्याचे नाकारते.

मालकाची मोटार हा त्याचा खाजगी प्रश्न मानला, तरी भोंगा खाजगी नसतो. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 ह्या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. दाराचे ढिले बटण, टपावर उडी घेणारे मांजर, दिवाळीचा एखादा फटाका, एवढ्यावरून हे भोंगे त्या मर्यादेच्या कैक पटींनी ओरडतात. वाड्यातला आजारी माणूस जागा होतो, परीक्षार्थी वैतागतो, आणि मालक तेवढा स्वस्थ झोपलेला असतो! तिसऱ्या रात्री खिडकी कोणीच उघडत नाही. लांडगा आल्याची हाक देणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही अधिक कर्कश भोंगा हाच उपाय समजला जातो, हे नवल आहे.

त्यापेक्षा स्टार्टरच्या मंडलात लपविलेले एक साधे बटण अधिक शहाणपणाचे. ते पेट्रोलच्या पंपाच्या किंवा इग्निशनच्या तारेत घातले आणि जोड ढिला झाला, तर मोटार घाटात मध्येच थांबते. स्टार्टरच्या बटणात दोष उद्भवला, तर ती सुरू होत नाही इतकेच. चालते इंजिन बंद पडत नाही.