फुकट शिबिराचा खर्च

झोप लागत नाही, छातीत धडधडते, चिडचिड होते, अशा तक्रारी घेऊन येणारी मंडळी हल्ली औषधाबरोबर विपश्यनेचीही चौकशी करतात. पुढचा प्रश्न ठरलेला: 'डॉक्टर, शिबिर फुकट असते ना?'

होय. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात ही शिबिरे सुरू केली. त्यांच्या परंपरेतल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकवण्याची फी नाही, राहण्या-जेवण्याचे पैसे नाहीत. दान घेतात, तेही दहा दिवसांचे एक शिबिर पुरे केलेल्याकडूनच. हा नियम मला फार आवडतो. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, तेव्हा या मार्गाला हिशेबाचे वावडे नसावे!

म्हणून आपणही हिशेब करू. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचे, अकराव्या दिवशी सकाळी निघायचे. म्हणजे बारा दिवस मोडले. राज्य सरकारच्या नोकरांना यासाठी रजेची सोय आहे. वाळूजच्या कंत्राटी कामगाराला किंवा रिक्षावाल्याला कोण रजा देणार? दिवसाला सहाशे रुपये सुटत असतील, तर ७,२०० रुपये बुडाले. मनमाडमार्गे जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. मोबाइलही जमा करावा लागतो, त्यामुळे हप्तेवाला दारात आला तर घरच्या बाईने विचारायचे कुणाला? माझ्या एका रिक्षाचालक रुग्णाने आधी गाडीचा हप्ता भरला, घरात महिन्याचा किराणा टाकला आणि मगच अर्ज केला. शहाणा माणूस!

गोळ्यांचा खर्च वाचेल म्हणून मात्र कुणी जाऊ नये. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे चालूच ठेवायची, अर्जात आजार लपवायचा नाही. गंभीर मनोविकार असणाऱ्यांनी हे शिबिर करू नये, असे केंद्रेच सांगतात.

दानाबद्दल माझे मत थोडे रोखठोक आहे. इतक्या दिवसांच्या मौनानंतर मन हळवे झालेले असते. त्या सकाळी खिसा रिकामा करू नका. घरी या, महिनाभर रोज बसा, झोप सुधारते का पाहा, घरच्यांशी बोला, मग खुशाल द्या. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानासारख्या काही पद्धतींत शिकण्याची फी असते. फी घेण्यात गैर काही नाही, पण मन:शांतीसाठी सावकाराकडे जाणे मला पटत नाही.

वाळूजच्या कारखानदारांनी कंत्राटी कामगारांनाही अशी भरपगारी रजा द्यायला हरकत नसावी. तोवर ज्यांचे हातावर पोट आहे त्यांनी लग्नसराई टाळून, धंदा मंदा असेल तेव्हाची तारीख घ्यावी.