शिडांची शाळा

यंत्रांच्या युगांत नौदलाच्या छात्रांस शिडें ओढावयास कां लावावें, असें दिंडोशींतील एका पालकांनीं आम्हांस विचारलें. गोवा शिपयार्डमध्यें बांधलेली ‘तरंगिणी’ ११ नोव्हेंबर १९९७ रोजीं नौदलांत दाखल झाली. तीन डोलकाठ्या, वीस शिडें. २००३-०४ सालीं तिनें पृथ्वीप्रदक्षिणाही केली. तिजवर राहून छात्र वारा ओळखावयास शिकतात, रात्रीं पाळीपाळीनें जागतात, सुकाणूं धरतात. वर्गांत पाठ चुकला तर आपलेच गुण जातात. येथें गांठ चुकली तर डोलकाठीवर चढलेल्या सोबत्याच्या जिवावर बेततें. ही जबाबदारी यंत्र शिकवीत नाहीं. एके काळीं समुद्रयान कलिवर्ज्य मानणाऱ्या आमच्या घरांनीं मुलास निरोप देतांना भीतीबरोबर हा लाभही मोजावा.