उलगडता येणारी दुरुस्ती

जुनी मोटार विकत घेऊन तिची डागडुजी करणाऱ्याला दोन मोह हटकून होतात. एक, ती कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाइतकी कोरी करण्याचा. दुसरा, ती जे कधीच नव्हती ते तिला बनवण्याचा. वरवर हे मोह परस्परविरोधी दिसतात, पण दोहोंत मोटारीचे मधले आयुष्य पुसले जाते. ह्या दोन्ही मोहांतून मी थोडक्यात वाचलो, तो खाप्यात.

सावनेर तालुक्यातले, कन्हानच्या काठचे हे गाव ओळखले जाते ते हातमागांसाठी आणि जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीसाठी. उघड्या टपाच्या मोटारीचे नाव तिथे कोणी काढू नये. वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतो तेव्हा डोक्यावरचे छप्पर ही चैन नसते. तरीही तिथल्या एका घराच्या पडवीत, ताडपत्रीखाली, बिनटपाची स्टँडर्ड हेराल्ड उभी होती. "ओरिजिनल कन्व्हर्टिबल आहे," असे मला नागपुरात ज्याने सांगितले, त्याचा हेतू वाईट नसावा. पण विधान खोटे होते.

हेराल्ड मुळात इंग्लंडच्या ट्रायम्फची, 1959 सालची. जोव्हान्नी मिकेलोत्ती ह्या इटालियन आरेखकाने तिला रूप दिले. तिथे 1960 पासून तिची उघडी आवृत्ती निघाली आणि पुढे हिच्याच चेसिसला आखूड करून 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार घडली. आपल्याकडे 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने हेराल्ड बनवली, ती 948 सीसी इंजिनाची, बंद टपाची. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात उघड्या स्पोर्ट्स कारची हौस सामान्यतः सिनेमात पाहूनच भागवावी लागे. ज्यांना तेवढ्याने भागेना, त्यांना हेराल्ड सापडली. कारण तिची चेसिस वेगळी, अंग तुकड्यातुकड्यांचे, आणि टप समोरच्या काचेच्या चौकटीला व मागे चक्क बोल्टांनी जोडलेला. पाना असला की काम होते. करवत लागत नाही.

हा फरक निर्णायक आहे, आणि मी जे म्हणतो आहे ते सारे ह्याच फरकावर उभे आहे.

मोटार पाहायला गेलो तेव्हा मी रंगाकडे पाहिले नाही. खिशात लोहचुंबक नेले होते. जिथे ते पत्र्याला चिकटत नाही तिथे आत लांबी भरलेली असते, आणि लांबीखाली बहुधा गंज. मग आडवे होऊन चेसिसचे बाहेर आलेले हात पाहिले, दाराच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का ते पाहिले, चेसिस व इंजिनाचे आकडे आरसी बुकाशी ताडले. आकडे जुळले. बुकात मात्र गाडीचा प्रकार 'सलून' असाच होता. टप काढल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे समोर उभी असलेली गाडी आणि कागदावरची गाडी, दोन वेगळ्या वस्तू होत्या.

घरच्या आजींना मी टपाविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "टप कुठी जाईन जी? थो मांगं सरपनावर झाकून हाये." मागे जाऊन पाहिले. चाळीसएक पावसाळे सरपण कोरडे ठेवणारा तो पत्रा हेराल्डचाच टप होता. कडा गंजल्या होत्या, पण बोल्टांची भोके शाबूत होती. ज्याने तो काढला त्याने तो फेकला नव्हता. आपण जे केले ते कोणाला तरी परत फिरवावेसे वाटेल, एवढी शक्यता त्या अनामिक माणसाने जिवंत ठेवली होती.

आमच्या मिस्त्रींना हे कौतुक पटले नाही. "भाऊ, टप वेल्डिंग करून पक्का करून देतो. मंग जिंदगीभर पाहा लागत नाही." दुसऱ्या एका जाणकाराचा सल्ला उलटा होता: टप विसरा, फटी लांबीने भरा, लाल रंग मारा, 'ओरिजिनल' म्हणून दुप्पट किंमत येईल. दोघांचे म्हणणे खोलात एकच होते. पुढच्याला काही कळू नये, काही उलगडता येऊ नये.

मला इथे भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. 1919 मध्ये हाती घेतलेले ते काम 1966 मध्ये पुरे झाले. सुकथनकरांनी आखून दिलेल्या त्या पद्धतीत प्रक्षिप्त ठरलेले श्लोक मुख्य संहितेतून वगळले, पण नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संपादक चुकला असेल तर पुढच्या अभ्यासकाला त्याच पानावर ते दाखवून देता यावे, हा त्यामागचा प्रामाणिकपणा. मोटार म्हणजे महाभारत नव्हे, हे मलाही समजते. पण जुन्या वस्तूत हात घालणाऱ्या प्रत्येकाचे दायित्व ह्याच जातीचे असते.

कायद्याला ही जाण पुरेशी आहे असे वाटत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी देऊ केली, तीही मूळ स्वरूप राखले असेल तरच. रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा विचार करता हे योग्यच आहे. करवतीने कापलेली गाडी वळणावर पिळवटते आणि त्याची किंमत इतरही मोजतात. परंतु करवतीने केलेला बदल आणि पान्याने केलेला बदल ह्यांत नियमाने भेद करायला हवा. 'बदल झाला आहे का?' ह्याबरोबर 'तो परत फिरवता येतो का?' हाही प्रश्न तपासणीच्या कागदावर असावा, आणि येत असेल तर त्याची नोंद करण्यासाठी एक रकाना असावा. नोंदीची सोय नसली की लोक बदल करायचे थांबत नाहीत, फक्त लपवतात.

मी काय केले? ब्रेक आणि वायरिंग पूर्ण नवे केले. तिथे जुनेपणाचे कौतुक म्हणजे जिवाशी खेळ. टपाचा गंज खरवडून, कडांना नवा पत्रा जोडून, तो त्याच भोकांत बोल्टांनी बसवला. काढलेले भाग खोक्यात आणि केलेल्या कामाची वही आरसी बुकाबरोबर ठेवली. जुन्या मालकाने शिवून घेतलेले कॅनव्हासचे हूड घडी करून डिकीत आहे.

गाडी आता कागदाशी जुळते. थंडीतल्या पहाटे कन्हानच्या पुलावरून जाताना टप नसता तर, असे अजूनही वाटते. ते खोटे कशाला सांगू? पण मी बोल्टांना वेल्डिंगचा टाका मारू दिलेला नाही. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याचे मत माझ्याहून वेगळे असू शकते, आणि कदाचित तोवर कायद्याचेही. पाना त्याच्याकडे असेलच.