पाव तासाचे साहस

‘स्वस्त आणि मस्त’ या तीन शब्दांत अलीकडच्या सहलींचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. दिवाळीच्या सुटीचे वेध लागले, की आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांतही अंदमानच्या सहलींची रंगीत पत्रके येऊन पडतात. पाच दिवस व चार रात्री. बेटे तीन, ‘साहसे’ चार, ‘प्रेक्षणीय स्थळे’ दहाबारा. आणि या सर्वांची मिळून रक्कम इतकी माफक, की ओढाताणीने का होईना, एखाद्या शाळामास्तरासही ती झेपावी! ही पत्रके वाचून जे जातात त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते ‘साहस’ या शब्दाची जी किरकोळ विक्री चालली आहे तिच्याशी, आणि ही स्वस्ताई नेमकी कोणाच्या पदरून पडते हा प्रश्न न विचारण्याच्या आमच्या सवयीशी.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गर्दीमुळे बेटे बिघडली, सामान्य माणसाने तिकडे जाऊच नये, असे नाक मुरडून सांगणारा एक रसिक वर्ग आहे. त्या वर्गात आमची गणना होऊ नये. ज्यांच्या आजोबांस समुद्रयान निषिद्ध वाटत होते आणि ज्यांनी अंदमानचे नाव केवळ ‘काळे पाणी’ म्हणूनच ऐकले होते, त्यांची नातवंडे आज स्वतःच्या शिलकीतून ते पाणी ओलांडतात, ही गोष्ट आम्हांस अभिमानाचीच वाटते. शिवाय स्वस्त प्रवास हा काही महाराष्ट्राचा नवा शोध नव्हे. धर्मशाळेत उतरावे, शिदोरी सोडून खावी, पायी चालावे, अशा रीतीने आमच्या लोकांनी शतकानुशतके पंढरी गाठलेली आहे. परंतु त्या स्वस्ताईची किंमत प्रवासी स्वतः देत असे; आपल्या पायांनी, आपल्या वेळाने, आपल्या झोपेने देत असे. आजच्या स्वस्ताईची किंमत मात्र दुसरेच कोणी देते, असा आमचा आक्षेप आहे.

आता ‘साहस’ या शब्दाकडे वळू. हा शब्द मुळात फारसा प्रतिष्ठित नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत त्यांत ‘साहस’ हे एक असून, त्याचा अर्थ बळजोरीचा गुन्हा असा आहे. पुढे अविचाराने केलेल्या कृत्यास साहस म्हणू लागले; आणि त्याला धाडसाचा उजळ अर्थही चिकटला. या तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान होती. कर्ता जो असेल त्याला आपल्या कृत्याचा परिणाम स्वतः भोगावा लागे. पत्रकातील साहसात ही अटच काढून टाकलेली आहे. तेथे साहसी माणसास काहीच करावयाचे नसते. त्याने पैसे भरावयाचे, रबरी पोशाख चढवावयाचा आणि पाव तासाने छायाचित्रे घेऊन परत यावयाचे!

स्कूबाचेच उदाहरण घेऊ. स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पूर्वीचे हॅवलॉक, हे त्याचे मुख्य पीठ होय. पोहता येत नसले तरी चालते, हे तेथील पहिले आश्वासन. ते खोटे नव्हे. कारण नवशिक्याच्या पाठीवरील नळकांडे धरून शिक्षकच त्याला पाण्यात फिरवीत असतो, आणि बारा मीटरांच्या खाली त्याला न्यावयाचे नाही असा दंडक आहे. परंतु पाण्याला पत्रक वाचता येत नाही. दहा मीटर खाली गेले की अंगावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती दुप्पट जागा मागू लागते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या विद्येचा पहिला नियम आहे. आणि पाण्यात घाबरलेला, न पोहणारा माणूस सर्वांत प्रथम जी गोष्ट करतो ती श्वास रोखण्याचीच! दमा, हृदयविकार अथवा कानाचा विकार असलेल्याने वैद्याच्या संमतीवाचून उतरू नये, असे सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर लिहिलेले असते. किनाऱ्यावर पुढची तुकडी ताटकळत उभी असता तो कागद किती जण वाचतात, हे वाचकांनीच ठरवावे.

याहून मौजेची, किंबहुना भयाची, गोष्ट वेळापत्रकाची आहे. पाण्याखालून आल्यावर निदान बारा तास, आणि अनेक बुड्या मारणाऱ्याने निदान अठरा तास, विमानात बसू नये, असा जाणत्यांचा सल्ला आहे. कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. चार रात्रींत तीन बेटे कोंबणाऱ्याने हे बारा तास कोठून आणावयाचे? मोकळा वेळ हीच ज्या सहलीत सर्वांत महाग वस्तू, तिच्यात प्रथम कात्री लागते ती त्यावरच.

यावर कोणी म्हणेल, की हजारो लोक सुखरूप परत येतात. दोनचार अपघातांचा एवढा बाऊ कशाला? आम्ही तीन तारखा पुढे ठेवतो. २६ जानेवारी २०१४ रोजी, तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरजवळ, रॉस बेटाहून नॉर्थ बेकडे निघालेली ‘ॲक्वा मरीन’ ही नाव बुडाली व २१ माणसे गेली. नावेत तिच्या क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे भरलेली होती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेली १४ मुले-मुली बुडाली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीस स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची नाव उलटली आणि दोघे दगावले. त्यांतील एक आमच्या वऱ्हाडातला होता. अशी बातमी आली की आमच्याकडे नशिबास बोल लावण्याची रीत आहे. पण पंचवीस जणांच्या नावेत चाळीस जण बसवणे हा नशिबाचा भाग नसून हिशेबाचा भाग आहे. दर माणशी भाडे याच मार्गाने उतरते. ‘अमुक ठिकाणी याहून दोनशे रुपये कमी घेतात’ असे म्हणून घासाघीस करताना आपण नावेतील कोणती वस्तू कमी करावयास सांगतो आहोत, याचा गिऱ्हाइकाने विचार करावयास नको काय?

येथे दोष केवळ समुद्रकाठच्या धंदेवाल्यांस देऊन आम्हांस मोकळे होता येणार नाही. वऱ्हाडचा माणूस पाण्याला अनोळखी का झाला? एके काळी पाठीला भोपळा बांधून पोरे विहिरीत ढकलली जात आणि असदगडाच्या पायथ्याशी मोर्णेच्या डोहांत पोहणे शिकत. आज त्या मोर्णेत गटाराचे पाणी आणि जलपर्णी यांचे राज्य आहे. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकरांनी नदीत उतरून ती स्वच्छ करण्याची मोहीम केली व तिचे देशभर कौतुक झाले; परंतु ज्या नदीत पोर पोहू शकत नाही, ती स्वच्छ झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्या शहराने आपली नदी गमावली त्या शहराची मुले पंचविसाव्या वर्षी प्रथम खोल पाणी पाहतात, आणि तेही एकदम समुद्राचे!

साहसाची ही कथा. प्रेक्षणीय स्थळांची याहून निराळी नाही. नॉर्थ बेचा दीपस्तंभ दाखवताना तो वीस रुपयांच्या जुन्या नोटेवरील देखावा आहे, ही ओळख पुरेशी मानली जाते. निसर्गाला नोटेच्या आधाराने उभे राहावे लागावे, याहून त्याची विटंबना ती कोणती? त्याच वेळापत्रकात सेल्युलर जेलच्या वाट्यास बनाना बोटीनंतरचा व जेवणाआधीचा एखादा तास येतो. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका शाखेच्या कोठड्यांचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, अशी तिची रचना. हेतू एवढाच, की कैद्यास कैद्याचा चेहरा दिसू नये. गणेश व विनायक हे सावरकर बंधू १९२१ पर्यंत येथे होते. कैद्याला कोलूला जुंपून दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल गाळण्याचे काम दिले जाई. सावरकरांच्या राजकारणाविषयी ज्याचे मत काहीही असो, त्या कोठडीत दार लोटून पाच मिनिटे एकट्याने उभे राहावयास प्रत्येकाने वेळ काढला पाहिजे. पण पाच मिनिटे उभा राहिलेला प्रवासी सहलीच्या गाडीस उशीर करतो!

आणि बाराटांगचे काय? चुनखडीच्या गुहा व चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासाठी ही सफर असल्याचे सांगतात. परंतु वाट जारवांच्या राखीव अरण्यातून जाते, आणि गाडीतील डोळे गुहेकडे नव्हे तर झाडीकडे लागलेले असतात. १९५६ च्या नियमाने या लोकांस संरक्षण दिलेले आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरण्यातील हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तरी वाहनांचे तांडे पुढे वर्षानुवर्षे चालूच राहिले. काही शेकड्यांत ज्यांची संख्या उरली आहे, अशा माणसांस वन्य पशूंप्रमाणे गाडीच्या काचेतून पाहणे हे ज्यांस ‘स्थलदर्शन’ वाटते, त्यांच्याशी वाद घालण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. ही स्वस्त सहल जारवांस सर्वांत महाग पडते, एवढेच आम्ही नमूद करतो.

‘गरिबाने जन्मात एकदाच जावयाचे, मग त्याने सर्व काही का पाहू नये?’ हा आक्षेप आम्हांस मनापासून आदरणीय वाटतो. पण जन्मात एकदाच जावयाचे असेल, तर अकरा ठिकाणांवरून धावत का जावे? तीन बेटांऐवजी एक घ्या. चेन्नईहून जहाजाने साधारण तीन दिवस लागतात. ज्याला रजा मिळते त्याने तसे जावे, म्हणजे समुद्र किती मोठा आहे हे तरी त्याला कळेल. स्वराज द्वीपावर एलिफंट बीचला वेगवान नावेने जाता येते, तसेच जंगलातील पायवाटेनेही जाता येते. चिखल तुडवीत गेलेल्यास तो किनारा दुप्पट सुंदर दिसेल. स्कूबा करावयाचाच असेल तर आधी एक उन्हाळा पोहणे शिकण्यात घालवा, प्रकृतीची तपासणी करा, आणि समुद्रात जाणाऱ्या नावेच्या भाड्यात कधीही घासाघीस करू नका. घासाघीस खोलीच्या भाड्यात करा, जेवणात करा, खरेदीत करा. तेथे होणारा तोटा फार तर एका रात्रीच्या झोपेचा असतो.

आणि साहस म्हणजे काय हे आमच्या जुन्या शहरास कोणी पत्रकातून शिकवावे, अशी स्थिती नाही. श्रावणात येथील तरुण गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडीत भरून सतराअठरा किलोमीटर अनवाणी चालत येतात आणि राजराजेश्वरास वाहतात. खांदे सोलतात, पाय फुटतात. भार एकाचा दुसरा घेतो. त्याला तिकीट नाही आणि ते पाव तासात संपत नाही. ज्या खांद्यांनी हे पाणी वाहिले त्यांस समुद्राचे पाणी जड नाही. त्यांना फक्त पोहता आले पाहिजे. म्हणून आमची मागणी अंदमानच्या प्रशासनाकडे नसून प्रथम आमच्याच नगराच्या कारभाऱ्यांकडे आहे. मोर्णेत येणारे गटाराचे पाणी थांबवा. आणि ते होईपर्यंत, जुन्या शहरातील पोराला परवडेल अशा शुल्कात पोहण्याचा एक तलाव बांधा. बेटांवर जावयाचे की नाही, ते त्या पोराचे त्याला ठरवू द्या.