चौथा रकाना

जतपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावात, एकाच तुळईला तीन पाळणे टांगून झालेल्या बारशाला मी हजर होतो. माझ्या भाचीचे हे दुसरे बाळंतपण. थोरली मुलगी अडीच वर्षांची, आणि आता एकदम तिघे : दोन मुलगे, एक मुलगी. बायका पाळण्यांभोवती दाटल्या होत्या आणि पुरुषमंडळी बाहेर मांडवात पान जमवत बसली होती. तिथे चर्चा रंगली होती ती मात्र बाळांची नव्हे, ग्रामपंचायतीची.

‘‘चार लेकरं झाली. आता पावण्यास्नी सरपंचकीला उभं ऱ्हाता येत न्हाई,’’ एक जण म्हणाला.

‘‘येतंय की. कायद्यात तशी सोय हाय,’’ दुसऱ्याने पानाचा देठ खुडत उत्तर दिले.

भाचीच्या नवऱ्याला कसलीच निवडणूक लढवायची नव्हती. डाळिंबाची बाग आणि तीन दुपट्यांतली तीन बाळे यांतून त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. पण दुसऱ्या गृहस्थाचे म्हणणे बरोबर होते. ग्रामपंचायत कायद्याला १९९५ च्या दुरुस्तीने दोन मुलांची अट जोडली, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला उमेदवारी नाकारली जाऊ लागली. त्याच तरतुदीखाली एक स्पष्टीकरण आहे. ज्या जोडप्याला एकच मूल आहे, त्याला पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली तरी ती सगळी मिळून एक मानावीत. माझ्या भाचीचे घर जणू डोळ्यांसमोर ठेवूनच कुणी ते वाक्य लिहिले असावे.

‘‘म्हंजी ही तिघं मिळून एक!’’ कोणीतरी म्हणाले आणि मांडव हसला. मीही हसलो.

पस्तीसएक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असली आकडेमोड आवडते. तीन नोंदी एका खात्यात टाकल्या म्हणून ताळा चुकत नाही, हे आम्हाला पाठ असते. कायदा करणाऱ्यांचाही त्यात दोष नाही. निसर्गाने एकाऐवजी तीन दिली म्हणून आईबापांना शिक्षा कशाला, एवढाच त्यांचा सरळ विचार. पण त्या हसण्यानंतर सव्वा वर्षाने मी त्याच घरात सहा आठवडे राहिलो आणि मोजण्याविषयीच्या माझ्या समजुती बऱ्याच ढिल्या झाल्या.

गेलो तो खरे तर सामान म्हणून. भाचीच्या सासूबाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा मदतीला माझ्या पत्नीला बोलावणे आले. निवृत्त नवरा घरी ठेवून तिला काळजी, म्हणून तिने मला बरोबर घेतले. जत मला नवे नव्हते. नोकरीच्या सुरुवातीची तीन वर्षे मी याच तालुक्यात काढली होती. डफळ्यांच्या जुन्या संस्थानाचा हा मुलूख, कर्नाटकाच्या सीमेला खेटून बसलेला. निम्म्या घरांत मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली. पाऊस बेभरवशाचा. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोचले, पण पूर्वेकडच्या गावांनी त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. तीन बाळांच्या लंगोटांना किती घागरी पाणी लागते याचा विचार मी शाखेत बसून पाणीपुरवठ्याची कर्जे तपासताना कधी केला नव्हता.

हेलिन नावाच्या एका डॉक्टराने १८९५ साली जुळ्या-तिळ्यांचा एक ढोबळ नियम मांडला होता. ८९ बाळंतपणांत एक जुळ्यांचे, आणि ८९ गुणिले ८९, म्हणजे ७,९२१ बाळंतपणांत एक तिळ्यांचे. वंध्यत्वावरच्या नव्या उपचारांनी हे गणित पुढे पार बदलले, पण भाचीच्या बाबतीत तसले काही नव्हते. जुन्या नियमानेच तिच्या दारात चिठ्ठी टाकली होती. तिळे पुरे दिवस भरू देत नाहीत. बहुतेक वेळा बत्तिसाव्या-तेहेतिसाव्या आठवड्याच्या आसपासच येतात. हीही तशीच आली. काही आठवडे मिरजेत, काचेच्या पेटीत. पेटीतून बाहेर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना उघड्या छातीशी धरून ठेवायला सांगितले. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास, पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा ही रीत निघाली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव मिळाले. एक बाळ असले तर आई पुरते. इथे एक आईच्या छातीशी, एक आजीच्या आणि एक बापाच्या. डाळिंबावर फवारणी करणारा तो रांगडा गडी सदरा काढून, वर शाल पांघरून तासन्‌तास भिंतीला टेकून बसे. ‘‘हालायचं नाही एवढंच काम होतं मामा, पण उभ्या जन्मात एवढं अवघड काम केलं नाही,’’ तो मला म्हणाला.

तान्ही मुले दिवसातून आठ वेळा दूध मागतात असे धरले तर तिघांची चोवीस पाजणी होतात. तासाला एक, दिवस आणि रात्र मिळून. त्यात ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि एकाच्या रडण्याने दुसऱ्याचे उठणे धरलेले नाही. मी गेलो तेव्हा तो काळ सरला होता. मुले दीड वर्षांची, पायांवर उभी. मला वाटले, आता सोपे झाले असेल. पहिल्याच सकाळी एक उंबरा ओलांडून गोठ्याकडे निघाला, दुसऱ्याने पाण्याच्या पिंपात माझा चष्मा सोडला आणि तिसरी चुलीच्या दिशेने धावली. माणसाला हात दोन. दोघांना धरले की तिसरे सुटलेलेच असते. तिळ्यांच्या घराचे सगळे तत्त्वज्ञान या एका वाक्यात येते.

माणसे मात्र येत. रोज कोणी ना कोणी ‘बघायला’ येई. देवाचे देणे म्हणत, दृष्ट काढत, चहा घेत आणि जात. तो चहा भाचीच करी. सहा आठवड्यांत एकच बाई अशी आली, की जिने चहाला नको म्हणून एकाला उचलून काखेत घेतले आणि ‘‘तू जरा आंग टाक जा, पोरी,’’ असे म्हटले. ती शेजारची म्हातारी. तिच्या त्या एका तासाची किंमत माझ्या बँकेतल्या कुठल्याही व्याजदराने निघणार नाही.

मला मुले सांभाळता येत नव्हती, म्हणून मी माझ्या परीने कामाला लागलो. एक दोनशेपानी वही आणली. दूध, खिमट, नाचणीचे सत्त्व, औषध, झोप यांच्या ओळी आखल्या आणि तिघांचे तीन रकाने केले, वर प्रत्येकाच्या नावाचे पहिले अक्षर. कुणाला औषध दोनदा गेले, कुणाला एकदाही नाही, हा गोंधळ त्यामुळे खरोखरच थांबला. पत्नीनेही मान्य केले. मी खुशीत होतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी थोरली माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती आता चार वर्षांची होती. अंगणवाडीत जात होती, आपल्या नावाचे पहिले अक्षर तिला ओळखता येत होते. घरात तिचे नाव कुणी घेत नसे. तिघे जन्मल्या दिवसापासून ती ‘अक्का’ झाली होती. अक्का, बाटली आण. अक्का, त्याला धर. अक्का, हळू बोल, निजलेत. तिने वहीवर बोट ठेवले, तिन्ही अक्षरांवरून फिरवले आणि विचारले,

‘‘मामाआजोबा, माझं कुठाय?’’

मी काहीतरी बोलून गेलो. तू मोठी आहेस ना, तुझं लिहावं लागत नाही, असेच काहीसे. ती ‘‘हं’’ म्हणाली आणि बाटली आणायला गेली.

अडीच वर्षांच्या मुलीला आपण एका दिवसात मोठी करून टाकले होते, आणि त्याचा कुठे ठराव झाला नव्हता. कायद्याने तिघांचा एक केला. घराने त्या चिमुरडीची बाई केली. पहिल्या हिशेबावर मांडव हसला होता. दुसरा कुणाच्या ध्यानातही आला नव्हता. त्या रात्री मी अंगणात आडवा पडलो असताना आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या रोज निजानीज झाली की अंधारात हात फिरवून लेकरे मोजत. ‘‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.’’ चौथी थाप अक्काच्या डोक्यावर. अक्षरशत्रू म्हातारी पहिल्यापासून चारपर्यंत मोजत होती. तीनवर थांबलेला मीच होतो.

हे एका घराचे नवल म्हणून सांगत नाही. तिळे लाखात थोडे. पण धाकट्याला कडेवर घेऊन उभी असलेली पाच-सहा वर्षांची अक्का या तालुक्यात पावलोपावली दिसते. याच मुलखातून दरवर्षी कोयते घेऊन कुटुंबे ऊसतोडीला जातात. आईबाप फडात, तान्हे खोपीत, आणि त्याच्यापाशी त्याची बहीण. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर लिहिले जाते. ती कामावर हजर असते, याची नोंद कुठल्याच पटावर नसते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार आधी दिसले होते. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम मांडले, तेव्हा मुली शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांना मुलींच्या काखेतच सापडले. धाकटे भावंड. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला पाळण्यात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत, आणि थोरलीने पाटी घ्यायची. या प्रयोगाचे नाव विकासवाडी. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यात घरातले प्रत्येक मूल वेगळे मोजलेले होते.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. भाचीच्या गावची सेविका घरी आली तेव्हा मी तिची वही मोठ्या आदराने पाहिली. तिथे तिघांची तीन नावे, तीन वजने, वाढीच्या तीन रेघा. आहाराची पाकिटेही तीन जणांची. सरकारच्या सगळ्या कागदांत या तिघांना तीन मानणारा एवढा एकच कागद मला भेटला. पण सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना तिथून आहार घरी मिळतो, बसायला जागा मिळत नाही. रोज तिथे जाऊन बसायचे वय तीनच्या पुढचे. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत जास्त धावते, पडते, आईचा जीव खाते, त्या वयात त्याला घराशिवाय ठिकाण नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी बाळंतरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. चांगलेच झाले. पण एका वेळी तीन झाली म्हणून एक दिवस जादा नाही, आणि डाळिंबाच्या बागेत राबणाऱ्या बाईला ना आस्थापना ना रजा. २०२२ मध्ये केंद्राने अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्याची ‘पाळणा’ योजना आणली. ती आधी शहरांकडे बघणार की जतच्या वाड्यावस्त्यांकडे, यावर तिची किंमत ठरेल.

कोणी म्हणेल, आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, पाळणाघर कशाला? मीही पूर्वी हेच म्हणत असे. आमची दोन मुले लहान होती तेव्हा ३१ मार्चच्या क्लोजिंगला पैशापैशाचा ताळा जुळवून मी रात्री दोनला घरी येई, आणि मुलगा दिवसातून किती वेळा दूध पितो हे मला सांगता आले नसते. एकत्र कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात दोन बायका आणि एक थोरली मुलगी. गुडघे दुखले की त्यातली एक कमी होते, आणि तिची जागा चार वर्षांची अक्का भरून काढते. गावात एक खोली, दोन जाणत्या बायका आणि त्यांना वेळेवर मिळणारा पगार, एवढ्याने अक्काची सुटका होते. तेवढे होईपर्यंत, बघायला जाणाऱ्यांनी एक बाळ तासभर काखेत घ्यावे. पुरुषांनीही घ्यावे. हालायचे नाही एवढेच तर काम असते.

दुसऱ्या दिवशी मी वहीत चौथा रकाना आखला. अक्काने वर आपले अक्षर स्वतः काढले, उलटे. त्यात मी लिहीत गेलो : गोष्ट सांगितली, मांडीवर घेतले, एकटीला ओढ्यापर्यंत नेले. सहा आठवडे पुरे झाले तेव्हा वही भाचीच्या हवाली केली आणि आम्ही निघालो.

एस. टी. कवठेमहांकाळच्या पुढे आली असेल. वही मनाशी चाळताना मला एकदम आठवले, की त्या घरातली आणखी एक व्यक्ती किती वाजता जेवली, किती तास झोपली, हे मी एकदाही लिहिले नव्हते. घरी पोचल्यावर फोन करून भाचीला तसे म्हणालो. ती हसली.

‘‘मामा, तो रकाना रिकामाच राहिला असता,’’ म्हणाली, आणि मागून कोणीतरी रडले म्हणून तिने फोन ठेवला.