आखातातला रुपया
वडखळ नाक्यावरून पुढे रोहा, मुरूड, म्हसळ्यापर्यंत कितीतरी कोकणी मुस्लिम घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. त्याच आखातात एकेकाळी आपला रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर बहुतेक देशांनी तो सोडला. जागा डॉलरच्या हिशेबाने घेतली.

२०२२ मध्ये रशियाच्या मोठ्या बँकांना स्विफ्टबाहेर काढले गेले. ज्याची यंत्रणा त्याची सत्ता, हे सगळ्यांना कळले. म्हणून चीन आणि अमिराती डिजिटल चलने जोडू पाहतात. आपणही डिसेंबर २०२२ मध्ये डिजिटल रुपयाचा किरकोळ प्रयोग सुरू केला. जुलै २०२३ मध्ये अमिरातीशी रुपया-दिरहम व्यवहाराचा करार झाला.

डॉलरची पकड सैल व्हायलाच हवी. पण घाम गाळणाऱ्याचे प्रश्न दोनच: पैसे पाठवताना किती कापणार आणि माझा हिशेब कोण पाहणार? यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर फक्त सावकार बदलेल.